सोळा सत्रांनंतर आवाज टिकवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरे ७१ वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आणि पार्किन्सन्स होऊन आठ वर्षं झालेली. गेल्या जून-जुलैत त्यांनी आवाजाची थेरपी घेतली, महिन्याभरात १६ सत्रं. फरक इतका पडला की गणपतीत आरतीला त्यांचा आवाज शेजाऱ्यांनी ओळखला. आता मार्च आहे. बोलणं पुन्हा पुटपुटण्यावर आलंय, फोन वाजला की ते तुमच्याकडे सरकवतात, चहा पिताना अधूनमधून ठसका लागतो. थेरपी वाया गेली का, पुन्हा करावी का, आणि घरात नेमकं काय करायचं?

ठसक्याचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण मी ते आधी घेते. ज्या कारणानं आवाज मंदावतो त्याच कारणानं गिळणंही मंदावतं. घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर दरवेळी ठसका लागेलच असं नाही. काहींना काहीच जाणवत नाही आणि एकदम न्यूमोनियाच होतो. म्हणून आठवडाभर लक्ष ठेवा. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, गुळण्या करत बोलल्यासारखा येतो का? जेवण वीस मिनिटांत व्हायचं, ते आता पाऊण तास चालतं का? शर्ट सैल झालेत का? गोळी घशात अडकते म्हणतात का? मधूनच ताप येऊन जातो का? ठसका तर आहेच. त्यामुळे यातलं काही नसलं तरी न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घालून गिळण्याची तपासणी करून घ्याच. ती नाकातून बारीक दुर्बीण घालून होते, किंवा बेरियम घातलेले घोट प्यायला देऊन एक्स-रेखाली.

तोवर त्यांना ताठ बसवा, घोट लहान घेऊ द्या, आणि तोंडात घास असताना कुणी प्रश्न विचारू नका. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चिवडा, कोरडे पोहे, सुकी भाकरी असे तोंडात सुटे होणारे पदार्थ त्रास देतात. पातळ रस्सा आणि त्यात घट्ट फोडी हेही अवघड जातं, कारण पाणी आधी घसरतं आणि फोड चावायची राहते. पाणी दाट करायची पावडर मात्र कुणी सुचवली म्हणून मनानं सुरू करू नका. ते पाणी आवडत नाही म्हणून माणूस पाणीच कमी पितो, आणि मग बद्धकोष्ठ, थकवा, गोंधळ अशी नवी दुखणी मागे लागतात.

आता आवाजाकडे येऊ. थेरपी वाया गेलेली नाही. पण थेरपीनं काय दिलं होतं याचा घरात थोडा गैरसमज झालेला दिसतो.

पार्किन्सन्समध्ये स्वरतंतू लुळे पडत नाहीत. मेंदूचं हालचालीचं माप लहान होतं. अक्षर बारीक होत जातं, पाऊल आखूड पडतं, चालताना हात हलेनासा होतो, चेहरा स्थिर राहतो, आणि त्याच मापानं आवाजही लहान होतो. गंमत अशी की माणसाला स्वतःला हे ऐकू येत नाही. त्यांच्या डोक्यातला काटा सांगत असतो की आवाज नेहमीसारखाच आहे. ‘मी नीटच बोलतोय, तुम्हालाच ऐकू येत नाही’ हे वाक्य तुमच्याकडे रोज होत असणार. तो हट्टीपणा समजू नका, तो आजाराचाच भाग आहे. थेरपीत हा काटा पुन्हा लावून दिला जातो. ज्या आवाजात बोलताना त्यांना वाटतं ‘मी ओरडतोय’, तो आवाज समोरच्याला नेहमीचा वाटतो, हे त्यांना रेकॉर्डिंग ऐकवून पुन्हा पुन्हा पटवलं जातं. जुलैत ते पटलं होतं. नंतर रोजचं मोजमाप थांबलं आणि काटा हळूहळू मूळ जागी सरकला. पेटी वाजवायची सोडली तर आठ महिन्यांनी बोटं जशी होतात, तसंच हे.

त्यांनी घेतली ती बहुधा एलएसव्हीटी लाउड ही पद्धत असावी. आठवड्याला ४ सत्रं, ४ आठवडे, हा तिचा ठरलेला साचा आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लॉरेन रॅमिग आणि सहकाऱ्यांनी ती बसवली. नाव दिलं ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स झालेल्या बाईंचं. तिचं बोलणं ऐकू यावं आणि कळावं, एवढीच तिच्या घरच्यांची इच्छा होती. ही पद्धत घेतलेल्यांचा वाढलेला आवाज दोन वर्षांनीही टिकलेला २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसला. २०२४ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ३८८ रुग्णांचा. त्यात तीन महिन्यांनंतर या पद्धतीचा फायदा रुग्णांना स्वतःला जाणवला. पण आठवड्यातून एखाद्या वेळी होणाऱ्या, थोडं हे थोडं ते अशा नेहमीच्या स्पीच थेरपीचा फरक काहीही न घेणाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हे वाचायला फारसं सुखाचं नव्हतं, कारण माझी पहिली दहा वर्षं मी नेमकी तशीच थेरपी देत होते. त्यातून घ्यायचं ते एवढंच की एकच गोष्ट, खूप वेळा, रोज.

रोज म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. वेळ गोळीवर ठरवा. सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची लिव्होडोपा असलेली गोळी, घेतल्यावर साधारण पाऊण तासानं अंग मोकळं होतं, तेव्हा बसा. गोळी उतरलेली असताना सराव केला तर पदरात फक्त निराशा पडते. मात्र एक लक्षात ठेवा. या गोळीनं हात-पाय जितके सुटतात तितका आवाज सुटेलच असं नाही, म्हणून ‘डोस वाढवला की बोलतील’ यावर विसंबू नका. डीबीएसचं, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवायचं, ऑपरेशनही आवाजासाठी म्हणून करायचं नसतं. थरथर आणि कडकपणा कमी होतो, पण काहींचं बोलणं उलट बिघडतं. आणि कुणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवलं तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. त्या बियांमध्ये लिव्होडोपाच असतं, म्हणजे नकळत डोस दुप्पट व्हायचा.

सरावात आधी लांब ‘आ’. ताठ बसून, पोटापर्यंत श्वास घेऊन, भरीव आवाजात, जमेल तितका लांब, दहा-बारा वेळा. दर वेळी सेकंद मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ‘आ’ शेवटपर्यंत एका जाडीचा राहिला पाहिजे. मेणबत्ती विझताना होते तसा बारीक झाला की तिथेच थांबायचं. गळ्याच्या शिरा ताणून ओरडणं मात्र नको, त्यानं घसा बसतो. मग खालच्या पट्टीतून वर आणि वरून खाली ‘आ’ घसरवत न्यायचा. त्यानं बोलण्यातली चढ-उतार परत येते. सपाट बोलणारा माणूस घरच्यांना कायम नाराज वाटतो. नातवंडं तर आजोबा रागावलेत असंच धरून चालतात.

त्यानंतर त्यांची दहा वाक्यं. ही वाक्यं थेरपिस्टच्या कागदावरची नकोत, त्यांच्या दिवसातली हवीत. ‘माझा चष्मा कुठंय?’, ‘पंखा कमी कर’, ‘आज कोण येणार आहे?’, ‘मला जरा उठव’. रोज तीच दहा, प्रत्येक पाच वेळा, त्या ‘आ’च्याच जाडीनं. पाच-सहा आठवड्यांत ही वाक्यं न ठरवता मोठी येऊ लागतात, आणि त्यांच्या मागून बाकीचं बोलणं येतं.

इथे मराठीपुरती एक गोष्ट सांगायलाच हवी, जी इंग्रजी पुस्तकांवर शिकलेल्या मला फार उशिरा कळली. पार्किन्सन्समध्ये वाक्याच्या सुरुवातीला श्वास असतो आणि शेवटी संपतो. शेवटचे दोन-तीन शब्द हवेत विरतात. इंग्रजीत नकार आधीच येऊन गेलेला असतो. आपल्याकडे क्रियापद आणि ‘नाही’, ‘नको’ सगळं शेवटी. एका आजोबांच्या घरी गेले होते. ते सुनेला म्हणाले, ‘मला आत्ता दूध प्यायचं नाही.’ सुनेला ऐकू आलं ते ‘मला आत्ता दूध प्याय...’ दूध आलं. त्यांनी पेला बाजूला सारला, तिला वाटलं विक्षिप्तपणा, त्यांना वाटलं आपल्या बोलण्याला किंमत नाही. रोज असं दहा वेळा होत होतं आणि घरात कुणाला त्याचं कारण माहीत नव्हतं.

त्यावर तोडगा सोपा निघाला. नकार आधी. ‘नको, दूध नको.’ ‘नाही, मी येत नाही.’ आणि लांब वाक्याचे दोन तुकडे, मध्ये श्वास. ‘उद्या सकाळी’, श्वास, ‘डॉक्टरांकडे जायचंय.’ शेवटच्या शब्दावर मुद्दाम जोर. पंधरा दिवसांत त्या घरातली निम्मी भांडणं कमी झाली असं सूनच म्हणाली. मी तरी तिचा शब्द मानते.

रामरक्षा, हरिपाठ, पाढे याबद्दल खूप जण विचारतात. तुम्हीही लिहिलंय की सकाळी रामरक्षा म्हणताना आवाज बरा असतो. असणारच. पाठ असलेलं आणि चालीत असलेलं म्हणायला मेंदूला वेगळी, सोपी वाट असते. पण तो आवाज ‘पाणी दे’पर्यंत आपसूक पोचत नाही. शिवाय पाठांतर घाईत गुंडाळलं जातं. पार्किन्सन्समध्ये पावलं जशी पुढे धावतात, तसे शब्दही धावतात, आणि शेवटच्या श्लोकांना नुसती गुणगुण उरते. म्हणून रामरक्षा जरूर म्हणू द्या, पण सरावाच्या आधी, गळा तापवायला. तीही ओळीमागून थांबत आणि प्रत्येक ओळीला मांडीवर हाताचा ठेका धरत. मग लगेच पेपर हातात द्या आणि एक बातमी मोठ्यानं वाचायला सांगा. त्यानंतर त्या बातमीबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारा. खरी परीक्षा या तिसऱ्या टप्प्यात असते, कारण विचार करता करता आवाज राखायचा असतो. तिथेच तो पडतो.

मोजायला मोबाइलवर आवाजाचा मीटर दाखवणारं ॲप घ्या. फोन टेबलावर, तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर, रोज त्याच जागी. प्रत्येक फोनचा आकडा वेगळा येतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाशी तुलना करू नका. कालचा आणि आजचा आकडा बघायचा, बस्स. दर रविवारी एकच उतारा रेकॉर्ड करून तारखेनं ठेवा आणि त्यांनाच ऐकवा. तुम्ही शंभरदा सांगून पटत नाही ते रेकॉर्डिंग एकदा ऐकून पटतं.

घरातल्या बाकीच्यांबद्दल थोडं कडक लिहिते. ‘मोठ्यानं बोला ना बाबा’ हे दिवसातून चाळीस वेळा ऐकणारा माणूस पहिल्यांदा फोन सोडतो, मग पाहुण्यांसमोर गप्प बसतो, मग जेवताना. त्याऐवजी एक खूण ठरवा. तुमच्या सासऱ्यांनी उभं आयुष्य स्टँडवर गाड्या पुकारल्या आहेत. ‘नाशिकहून पुण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे’ हे त्यांना आजही खणखणीत म्हणता येईल, करून बघा. तोच आवाज म्हणजे आपलं माप. खूण एकच शब्द: ‘फलाट’. ओरडा नाही, उपदेश नाही, नुसतं ‘बाबा, फलाट’. त्यात थोडी थट्टा आहे आणि त्यांच्या नोकरीचा मानही आहे.

ऐकू आलं नाही तर नुसतं ‘काय?’ म्हणू नका. त्यांना अख्खं वाक्य पुन्हा ओढावं लागतं. ‘उद्या सकाळी इथपर्यंत कळलं, पुढे?’ असं विचारा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजा. आठ-नऊवर ते बोलतात, अनुभवानं सांगते. स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीत, मिक्सर चालू असताना प्रश्न टाकू नका. टीव्ही बंद करून समोर येऊन बोला. चालताना तर अजिबात बोलायला लावू नका. दोन्ही कामं एकदम करताना त्यांचा तोल जातो, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं की आवाजाचा प्रश्न कुठल्या कुठे राहतो.

आणि सासूबाईंचे कान तपासून घ्या. हसू नका. अर्ध्या घरांत गोष्ट अशी असते की त्यांचा आवाज थोडा कमी झालाय आणि यांचं ऐकणं थोडं कमी झालंय, आणि दोघंही सगळा दोष पार्किन्सन्सला देतात.

सरावाइतकंच, मला विचाराल तर सरावापेक्षा जास्त, महत्त्वाचं आहे आवाजाला काम असणं. माझ्याकडे येणाऱ्या एकाच्या बायकोनं मला एकदा सुनावलं होतं, ‘तुमच्याकडे ताडताड बोलतात, घरी तोंडात मूग.’ मी घरी जाऊन दुपारभर बसले. चार तासांत त्यांना बोलायची गरजच पडली नाही. पाणी मागायच्या आधी पाणी आलं, दूधवाल्याचा हिशेब मुलानं केला, फोन सुनेनं घेतला, डॉक्टरांची वेळही तिनंच ठरवली. सगळं प्रेमापोटी. अशा घरात कुठलाही आवाज टिकणार नाही. आम्ही तीन कामं त्यांच्याकडे परत दिली. भाजीवाल्याला दारातून थांबवणं, सिलिंडरचा नंबर फोनवर लावणं आणि नातीला रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवणं. पहिल्या आठवड्यात भाजीवाला दोनदा न थांबता निघून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

तुमच्या घरी अशी कामं तुम्हीच शोधा. फोनची भीती मोडायला रोज ठरलेल्या वेळी, गोळी चढलेली असताना, एकाच ओळखीच्या माणसाला पाच मिनिटं फोन करू द्या. जुन्या डेपोतलं कुणी असेल तर उत्तमच. त्याला आधी सांगून ठेवा की थांबून ऐक. मित्रमंडळींत ऊठबस हवी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तुमच्या जवळ कुठला गट भरतो ते न्यूरॉलॉजिस्टकडे विचारा. तिथे सगळ्यांचाच आवाज लहान, सगळ्यांचीच वाक्यं अडकतात, त्यामुळे लाजायचं कारण उरत नाही. घरी महिनाभर गप्प असलेली माणसं तिथे भांडताना मी पाहिली आहेत.

मात्र गप्प बसण्यामागे आवाजच आहे असं धरून चालू नका. झोप नाही, जेवणावर वासना नाही, टीव्हीवरची मॅचही नको, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. पार्किन्सन्समध्ये ते खूप आढळतं आणि त्यावर औषध आहे. त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. तसंच आवाज महिन्यांत न उतरता चार-दोन दिवसांत एकदम उतरला, तर सराव बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. बहुतेक वेळा मागे लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा गोळ्यांचा घोळ निघतो.

पुन्हा १६ सत्रं लगेच घ्यायची गरज मला दिसत नाही. सहा आठवडे वरचा सराव मनापासून करा आणि मध्ये त्याच थेरपिस्टकडे उजळणीची दोन-तीन सत्रं घ्या, ऑनलाइन चालतील. एवढ्यानं आवाज वर आला तर पुढे दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. आला नाही तर पूर्ण पाठ पुन्हा घ्या, त्यात कमीपणा नाही. त्याआधी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू एकदा बघून घ्या.

पुढे कधीतरी सराव करूनही आवाज पुरेनासा होईल. तेव्हासाठी गाइड आणि शिक्षक कमरेला लावतात तो छोटा माइक-स्पीकर मिळतो. शब्द स्पष्ट असून आवाज बारीक असेल तर तो फार उपयोगी पडतो. शब्दच एकमेकांत मिसळत असतील तर मात्र तो नुसती गुणगुण मोठी करतो. अशा वेळी पुठ्ठ्यावर मोठी वर्णमाला लिहून द्या, आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून तो शब्द बोलायला सांगा. वेग आपोआप उतरतो आणि ऐकणाऱ्याला धागा मिळतो. तुमच्याकडे ती वेळ अजून आलेली नाही. पण पुठ्ठा आज करून ठेवला आणि खेळ म्हणून नातवंडांबरोबर वापरला, तर पुढे तो परका वाटणार नाही.

थेरपिस्टकडे जाल तेव्हा जुलैचं एखादं रेकॉर्डिंग फोनमध्ये सापडतंय का बघा, आरतीचा व्हिडिओसुद्धा चालेल. आणि आज संध्याकाळी, गोळीनंतर पाऊण तासानं, फलाट क्रमांक पाचची गाडी त्यांच्याकडून पुकारून घेऊन ते रेकॉर्ड करून ठेवा.